बैलासारखा पारखलेला लॅपटॉप

आईशप्पथ, यातला शब्दन् शब्द खरा आहे. एक थाप आहे, ती शेवटी सांगतो.

लेकीला कॉलेजसाठी लॅपटॉप हवा होता आणि नवा परवडत नव्हता. जुन्यावर विंडोजऐवजी फुकटचं, हलकं लिनक्स टाकू म्हणून पेनड्राइव्ह खिशात घालून मी संगमनेरातलं एक दुकान गाठलं. घासाघीस करायला बैलांचा व्यापारी असलेला चुलतभाऊ रावसाहेब सोबत होता.

त्यानं झाकण दहादा उघडमीट केलं, बटणं दातांसारखी तपासली आणि विचारलं, "पयल्या मालकानं का इकला?"

"विंडोज टाकलं की बसतो हो," दुकानदार म्हणाला.

"मंग वझं जास्त हुत आसंल त्याला."

मी पेनड्राइव्ह लावला आणि लिनक्स झटक्यात सुरू झालं. "लई भारी पळतोय," मी बोलून गेलो. दुकानदारानं लगेच भाव वाढवला.

रावसाहेबानं माझ्या पायावर पाय दिला. "सौद्याआधी जनावराचं कौतुक करत्यात व्हय? चल, न्हाई घ्यायचा."

पायरी उतरतो तोच हाक आली, "अहो, पहिल्या भावात न्या."

"पिशवीसकट," रावसाहेब मागं न बघता म्हणाला.

लेक आता त्यावरच अभ्यास करते. थाप एवढीच, की मला चुलतभाऊच नाही. सोबत बायको होती, बैलांच्या व्यापाऱ्याची लेक. पण तिनं दुकानात मला गप्प केलं, हे तुम्हाला कसं सांगणार?