सगळं कागदावर लिहिलंय

नाही, पण मी काय म्हणते, हॉस्पिटलात एका माणसामागे तीन पाळ्यांच्या तीन नर्सा, आणि घरी? घरी तिन्ही पाळ्या माझ्याच! आमच्या ह्यांचं हृदय दमलंय हो. डॉक्टर म्हणाले, हे आता कायमचंच, घरी न्या. आणि निघताना त्या नर्सबाईनं पंधरा मिनिटांत मला अख्खी नर्स करून टाकलं. पाणी दिवसाला एक लिटर, मीठ अगदी नावाला, गोळ्या अकरा, आणि रोज सकाळी वजन! "दोन दिवसांत दोन किलो वाढलं तर लगेच फोन करा काकू, अंगात पाणी साठतं, मग पुन्हा ॲडमिट. घाबरू नका, सगळं कागदावर लिहिलंय!"

लावला कागद फ्रिजवर. तेव्हापासून घरात दुसरं बोलणंच नाही. "अगं, घोटभर पाणी…" "संपलं आजचं!" "तुरुंगात तरी देतात!" "मग जा तुरुंगात, इथे कागदावर लिहिलंय!"

पण वजन? रोज चौसष्ट! सोमवारी चौसष्ट, मंगळवारी चौसष्ट… मला काय अभिमान! लेकीला फोन करून सांगितलं, तुझ्या आईला नर्सच व्हायला हवं होतं. तेवढ्यात हे म्हणाले, "अगं, माझी चप्पल आटली." रबरी चप्पल, आटली! आणि मी, तुम्हाला सांगते, मी शहाणी, दुकानात जाऊन एक नंबर मोठी घेऊन आले!

गुरुवारी नर्सबाई घरी बघायला आली. ती मोठी चप्पल बघितली, पायावर अंगठा दाबला, खड्डा तसाच. "काका, माझ्यासमोर वजन करा." हे बेसिनजवळच्या काट्यावर उभे राहिले आणि हात गेला बेसिनवर. "हात काढा काका." काढला… काटा सदुसष्ट! मी रोज चष्मा लावून, वाकून काट्यात तोंड घातलेलं, वर हे बेसिनवर रेलून उभे, मला काय दिसणार, कप्पाळ?

"अहो, हे काय?" म्हटलं. तर ज्या माणसानं चाळीस वर्षांत एक चूक कबूल केली नाही, तो खाली मान घालून म्हणतो, "मला परत तिथे जायचं नव्हतं गं." आता काय ओरडू ह्यावर? ओरडायचं राहूनच गेलं.

नर्सबाईनं डॉक्टरांना फोन लावला, लघवीची गोळी वाढवली, वजनकाटा उचलून हॉलच्या मधोमध ठेवला. ॲडमिट टळलं, सुटलो! मग माझ्याकडे बघून म्हणते, "काकू, तुम्ही नीट झोपलात कधी?" म्हटलं, बाई, ते कागदावर नाहीये. तर तिनं पेन काढलं आणि खाली ठळक लिहिलं, 'काकूंनी रोज दुपारी दोन तास झोपायचं.'

झालं! अख्ख्या कागदातली एक ओळ ह्या माणसानं धड पाळली नव्हती, पण ही? ही तोंडपाठ! मी आडवी झाले की हे उशाशी खुर्ची ओढून, घड्याळ घेऊन बसतात, आणि दर दहा मिनिटांनी मला हलवून विचारतात, "झोपलीस का गं? झोप, झोप… कागदावर लिहिलंय!"