दोरी वाळेपर्यंत

माझा जन्म इथलाच, माथेरानच्या डोंगराच्या पायथ्याला, कर्जत आणि खालापूरच्या मधल्या गावात. बाजार कर्जतला, नोकरी खोपोलीला, असं आमचं निम्मं इकडं निम्मं तिकडं. घर शेतकऱ्याचं. पावसाळ्यात भात, भात निघालं की त्याच ओलीवर वाल, आणि वाल निघाला की गावदेवीच्या जत्रेची कबड्डी. बा माझा एक अक्षर शिकला नाही, आई अंगठा लावायची, आणि मी बी.एस्सी. झालो. हे मी मिरवतो म्हणा, मिरवतोच, का मिरवू नये, आमच्या घरात कुणी कॉलेजचं दार आतून पाहिलं नव्हतं. खोपोलीच्या एका कारखान्यात मी पाइपांची मापं तपासतो, केसाएवढा फरक आला तरी माल मागं फिरवतो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण आता जे सांगणार आहे तेही मापाचंच आहे, आणि त्यात माझी लाज आहे.

मैदान आखायचं काम आमच्या घराचं. गावदेवीच्या देवळात अंबाडीची एक दोरी आहे, माझ्या आजानं वळलेली, तिला दोन गाठी, एक पुऱ्या मैदानाची, एक अर्ध्याची. जत्रेच्या आदल्या संध्याकाळी ती बाहेर काढायची, नारळ फोडायचा, शाळेकडची आणि नदीकडची अशा टोकाच्या दोन रेषा आखून खुंट्या ठोकायच्या, आणि मग दोरी रात्रभर मैदानातच पसरून ठेवायची, का तर देवी येऊन मैदान बघते. सकाळी बा ती उचलायचा, बांधावरच्या कुंपणावर टाकायचा आणि दुपारपर्यंत कुणाला हात लावू द्यायचा नाही. मी विचारायचो, बा, आता कशाला थांबायचं, मधली रेषा मारू की. बा म्हणायचा, दोरी उन्हात राहू दे रं, दुपारी मारू. एवढंच. बाचं सगळं बोलणं असंच, कारण विचारलं की डोंगराकडं बघायचा. मला वाटायचं, नारळ फोडतात, हळद वाहतात, त्यातलाच हाही एक प्रकार.

आता नामाचं सांगतो. नामा माझ्या शेजारच्या घरातला, माझ्याच वयाचा, आमच्या संघाचा चढाईपटू. काय सांगू तुम्हाला, नामा चढाईला निघाला की पळतोय असं वाटायचंच नाही, पाण्यावरून बगळा जावा तसा जायचा, आणि तोंडात ते कबड्डी कबड्डी इतकं हळू की वाटायचं झोपेत कुणी पुटपुटतंय. बाया स्वयंपाक टाकून बघायला यायच्या. एका साली जत्रेच्या आमच्या अंतिम सामन्याला मुंबईच्या एका कंपनीच्या संघाचा माणूस नामाला बघायला आला होता, आवडला तर संघात आणि कंपनीत कायम. नामाच्या आईनं त्या दिवशी सकाळपासून तोंडात पाणी घेतलं नव्हतं.

आणि त्याच साली बाचा गुडघा धरला होता, म्हणून मैदान मी आखलं.

आदल्या संध्याकाळचं सगळं बाच्या रीतीनं केलं. सकाळी गेलो तर मैदानावर धुकं, दोरी दवानं भिजून जड झालेली, हातात घेतली तर गार सापासारखी. कुंपणावर टाकली. तेवढ्यात जत्रेच्या मंडळाची माणसं आली, म्हणाली काशा, आटप, पाव्हणे लवकर येनार हायत, मांडव घालायचाय. मी म्हटलं दुपारी मारतात मधली. तर म्हणाले, तू बी.एस्सी. ना रं, तू पन हेच धरून बसलास? आणि मला ते लागलं बघा. मी दोरी उतरवली, शाळेकडच्या रेषेपासून अर्ध्याच्या गाठीपर्यंत मोजलं, आणि चुन्याची फक्की सोडत मधली रेषा ओढली. सरळ आली, सुतासारखी. सगळे म्हणाले, वा, कॉलेजची रेषा हाय.

उन्हं उतरली तेव्हा सामना शेवटाला आला. डोंगराची सावली मैदानावर अर्ध्यापर्यंत आली होती, नदीकडचा अर्धा भाग अजून पिवळा, धुळीनं भरलेला, आणि त्या पिवळ्या धुळीत खालापूरकडचा संघ उभा. आम्ही एका गुणानं मागं. शेवटची चढाई, नामाची. गेला, वळला, पायानं एकाला शिवला, दुसऱ्यासाठी आणखी आत गेला, आणि परतताना त्या शिवलेल्यासकट तिघं अंगावर पडले. तिघांना घेऊन तो सरपटला, खरं सांगतो, तिघांना घेऊन. हात पुढं. मी रेषेच्या जवळच फक्कीची पाटी घेऊन बसलेलो. त्याचा हात माझ्याकडंच येत होता असं वाटलं, हळूहळू, झाडाचं मूळ मातीतून पुढं सरकावं तसा, आणि आवाज सगळा बंद झालेला, हजार माणूस असेल पण मला फक्त नामाचा श्वास ऐकू येतोय. बोट रेषेला लागतं तर तिघं बाद, तीन गुण आमचे. शिट्टी झाली. पंच वाकला, नामाची बोटं आणि रेषा यांच्यामध्ये आपली बोटं ठेवली. एक, दोन, तीन, चार. चार बोटं. नामा बाद.

पंच खालापूर भागातला एक मास्तर होता, साधा माणूस. त्याला आमच्या गावानं नको नको ते ऐकवलं. खालापूरचा म्हणून खालापूरला दिलं, म्हणाले. त्याच्या गाडीची हवा सोडली. तो गाडी ढकलत फाट्यापर्यंत गेला, पुन्हा आमच्या गावाला पंच म्हणून आला नाही. कंपनीचा माणूस चहा न घेताच गेला.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी खुंट्या काढायला गेलो. दोरी मी परत कुंपणावर टाकलेली, ती वाळून खडखडीत झाली होती. का कुणास ठाऊक, मी ती पुन्हा शाळेकडच्या रेषेपासून पसरली. अर्ध्याची गाठ माझ्या पांढऱ्या रेषेच्या पलीकडं पडली, नदीकडं. मी बोटं ठेवली. चार.

अंबाडीची दोरी भिजली की आखडते. हे बाला माहीत होतं, आजाला माहीत होतं, खाटेची दोरी विणणाऱ्या कुणालाही माहीत असतं. टोकाच्या रेषा कोरड्या दोरीनं पडल्या, मधली ओल्या दोरीनं. पंचानं सामन्याआधी मैदान पावलांनी मोजलं होतं, पावलात चार बोटं कुठं कळतात. म्हणजे रेषा जिथं हवी होती तिथं नामाचं बोट लागलं होतं. पंचानं बघितलं ते खरं, नामानं केलं ते खरं, खोटी एकटी माझी रेषा.

मी पायानं फक्की पुसली आणि घरी आलो. बा ओट्यावर होता, म्हणाला झालं? मी म्हटलं झालं.

त्यानंतर चौदा वर्षं गेली. नामानं खेळ सोडला. वर माथेरानला हातरिक्षा ओढायला लागला, आठ-आठ दिवस खाली यायचा नाही. आणि खाली टपरीवर ती चढाई रोज चालूच. गणपतमामा, बाच्या वयाचा, चहाची बशी तोंडाला लावायच्या आधी म्हणणार, पंच लबाड, मी डोळ्यानं बघितलंय, बोट लागलं व्हतं. तुमाला मोतीबिंदू हाय मामा, असं म्हणणार हरी, तो तेव्हा आमच्या संघात कोपऱ्यावर खेळायचा. हरीचं म्हणणं, पंचाचं काय नाय, नाम्यानं हाव केली, एकाला शिवला तिथंच माघारी फिरायचं, बरोबरी झाली असती, हावरट हाय तो. मामा म्हणणार, तू पहिल्या डावात तीनदा पकड सोडलीस ते सांग आधी. हरी म्हणणार, माजा गुडगा. मामा म्हणणार, तुजा गुडगा सामन्याच्या दिवशीच कसा रं दुखतो? हसायचे सगळे. मीही हसायचो.  हावरट हा शब्द नामाला चिकटला तो चिकटलाच, त्याच्या पोराला शाळेत चिडवायचे हावरटाचा म्हणून.

मला झोपेत ती रेषा दिसायची. पांढरी, धुक्यात, हळूहळू शाळेकडं सरकणारी, आणि मागून नामाचा हात. दोन्ही चालतायत, अंतर तेवढंच.

परवाच्या पावसाळ्यात बा गेला. जायच्या चार दिवस आधी त्याचं बोलणं इकडं तिकडं झालं होतं, मधेच वालाच्या शेंगा मागायचा, मधेच बैलाला हाक मारायचा. एका दुपारी माझा हात धरला आणि एकदम स्वच्छ म्हणाला, काशा, त्या साली दोरी वाळू दिलीस का रं? मी म्हटलं नाय बा. त्यानं डोळे मिटले. म्हणाला, मला वाटलंच. चौदा वर्षं त्याला वाटत होतं, आणि त्यानं मला विचारलं नव्हतं.

बाचे दिवस झाल्यावर मी टपरीवर गेलो आणि उभ्यानंच सगळं सांगितलं. दोरी, दव, गाठ, चार बोटं. वाटलं होतं मारतील. गणपतमामा बशी खाली ठेवून म्हणाला, काशा, बाप गेला की मानसाच्या डोक्यावर परिणाम हुतो, घरी जा. हरी म्हणाला, चार बोटं आन् काय, हावरेपना केला ते केलाच. मी म्हटलं अरे दोरी भिजवून टेपनं मोजून दाखवतो. मामा भडकला, तू त्या पंचाला सोडवायला बगतोस? तुला किती चहा पाजलाय आमी!  माझ्या खऱ्याची तिथं कुणाला गरज नव्हती.

मग मी माथेरानला गेलो. वर गाडी जात नाही, चालतच. ढग खाली उतरलेला, लाल मातीचा रस्ता दहा पावलांपुढं दिसत नाही, कुठून घोड्यांच्या टापा ऐकू येतात आणि घोडा दिसत नाही. नामा एका हॉटेलच्या कुंपणाला टेकून बसला होता, शेजारी रिक्षा. केस पिकलेत, पण बसणं तेच, आत्ता उठेल आणि चढाईला जाईल असं. मी सांगितलं. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, गाठ कुनीकडं पडली? मी म्हटलं नदीकडं. त्यानं आपली चार बोटं रिक्षाच्या दांड्यावर ठेवली आणि बघत बसला. 

म्हणाला, म्हंजी माजा हात पोचला व्हता.

मी म्हटलं, हो नामा.

मग त्यानं माझ्याकडं बघितलं. चवदा वर्सं, काशा. आई ह्याच घोरात गेली माजी. मी पाय धरायला वाकलो तर म्हणाला, शिवू नको. गिऱ्हाईक आलं, त्याला बसवलं, आणि ढगात गेला. चाकांचा आवाज तेवढा येत राहिला.

दुसऱ्या दिवशी मी त्या मास्तरांकडं गेलो. ते आता थकलेत, रिटायर झालेत. सगळं ऐकून म्हणाले, मी चारच मोजली होती ना? मी म्हटलं चारच. बरं झालं, म्हणाले, आणि मला पाणी दिलं.

या साली जत्रेच्या आदल्या दिवशी दोरी मीच काढली. कारखान्यात स्टीलची टेप आहे माझ्याकडं, आणता आली असती, पण आणली नाही. सकाळी धुक्यात गेलो, ओली दोरी उचलली, कुंपणावर टाकायला लागलो, तर पलीकडच्या टोकाला कुणीतरी दोरी धरलेली. नामा. चालत उतरला होता पहाटे.  दोघांनी दोरी पसरली आणि बांधावर बसलो. मंडळाची पोरं आली, म्हणाली काका, आटपा, पाव्हणे येतायत. मी तोंड उघडायच्या आत नामा म्हणाला, येऊ द्या. दोरी वाळली नाय अजून.

मागून टपरीवरून मामाचा आवाज येत होता, पंच लबाडच. नामानं तिकडं बघितलं आणि हसला, पुरं नाही, थोडंसं. माझ्याशी तो अजून सरळ बोलत नाही. पण त्याच्या पोराला त्यानं बोलावून घेतलं, दोरीचा पीळ बोटांनी दाबायला लावला, म्हणाला, अजून गार लागतीय ना? मग बस. पोरगा आमच्या दोघांच्या मधे बसला. धुकं विरत होतं, डोंगर एकेक कडा दाखवत होता, आणि आम्ही तिघं ऊन यायची वाट बघत होतो. देवी त्या पोराला लांब हात देवो. रेषा मी नीट मारीन.