ढोकरवाडीहून भांडी परत आणण्याबाबत

मी, रंगुबाई सहादेव वागस्कर, वय ५७ वर्षे, धंदा शिवणकाम, राहणार काष्टी, ता. श्रीगोंदा, जि. अहिल्यानगर. सहादेव हे माझ्या वडिलांचे नाव आहे. नवऱ्याचे नाव विचारण्यात आले, ते मी लावत नाही. मी पोलीस स्टेशनला स्वतः येऊन समक्ष सांगते की,

मी काष्टीत शिवणाचा क्लास चालवते. ज्यांचे लग्न मोडले अशा बायका माझ्याकडे येतात. त्यांच्यासोबत वकिलाकडे जाणे, तारखेला कोर्टात बसणे आणि निकाल लागल्यावर सासरहून भांडी आणणे ही कामे मी करते. भांडी म्हणजे लग्नात माहेरच्या माणसांनी आपापली नावे कोरून दिलेली. फारकत झाली की ती परत आणायची, अशी आमच्याकडे रीत आहे. ती आणायला मी जाते, त्या बाईला नेत नाही. ती तिथे जाऊन रडते नाहीतर भांडते, आणि दोन्हीत भांडी राहून जातात.

आरती, वय २८, ही माझ्या क्लासला येते. तिचा आणि ढोकरवाडीच्या रविराजचा गेल्या महिन्यात दोघांच्या संमतीने घटस्फोट झाला. मुलगी दिशा, वय ५, आईकडे राहील आणि बापाने महिन्यातून एकदा भेटावे, असा कोर्टाचा हुकूम आहे. रविराजने मारून आरतीचा हात मोडला होता. ते तिने कोर्टात काढले नाही. पोरगी मिळतेय ना, मग बाकीचे जाऊ द्या, असे ती म्हणाली.

परवा रविराजची आई बायडाबाई हिचा आरतीला फोन आला. "भांडी घासून ठिवल्यात, घिऊन जा. पन पोरीला आन गं. एकदा डोळं भरून बगू दे." मी आरतीला म्हटले, तू येऊ नको आणि पोरीला तर मुळीच आणू नको. ती म्हणाली, "मावशी, म्हातारी लई रडत हुती. तिनं माजं कदी वाईट न्हाई केलं." मग मी दोघींनाही सोबत न्यायचे ठरवले.

काल सकाळी दहाच्या सुमारास आम्ही तिघी आमच्या गावच्या अजिनाथचा टेम्पो भाड्याने करून ढोकरवाडीला गेलो. ओसरीवर भांडी मांडून ठेवली होती, चिंच लावून घासलेली आणि आतून कोरडी पुसलेली. इतकी वर्षे मी भांडी आणते, कुठे हंड्याला पोचे पडलेले असतात, कुठे परात चुलत्याच्या घरी गेलेली असते. इथे चमचासुद्धा कमी नव्हता. रविराजने हसून रामराम केला. बायडाबाईने चहा दिला. प्रत्येक भांड्यावरचे नाव तिने मला वाचायला लावले आणि मगच ते टेम्पोत चढवू दिले. "मागनं बोल नगं," म्हणाली. मला त्या बाईचे कौतुक वाटले. आता त्या कौतुकाची चीड येते.

दिशा आधी आजीच्या मांडीवर होती, मग अंगणात वासरापाशी गेली. आरती माझ्याजवळ बसून एकेक भांडे फडक्यात गुंडाळत होती.

शेवटी मी म्हटले, एक लहान थाळी राहिली. ती दिशाच्या बारशाला आरतीच्या भावाने दिलेली, दिशाचे नाव घातलेली. बायडाबाई म्हणाली, "ती ऱ्हाऊ द्या. पोरगी कशात जेवंल मग?"

मला समजायला वेळ लागला. आरतीला लागला नाही. ती अंगणात धावली. वासरू होते, मुलगी नव्हती. रविराज नव्हता आणि त्याची मोटारसायकलही नव्हती. शेजारची बाई म्हणाली, पोरीला पुढे बसवून मघाशीच गेला. त्याचा मोबाईल बंद होता. बायडाबाई ओसरीवरून हलली नाही. ती आरतीला म्हणाली, "तुजं तुला दिलं. आमचं आमच्यापाशी ऱ्हाऊ दे." तिचा आवाज जरासुद्धा चढला नव्हता.

मला विचारण्यात आले की, मुलगी सख्ख्या बापाबरोबर गेली, यात तक्रार कसली? मी कोर्टाच्या हुकमाचे सांगितले. आरतीचा हात कोणी मोडला तेही सांगितले. त्या वेळी तक्रार दिली होती का, असे विचारले. दिली नव्हती.

आम्ही कालपासून नातेवाइकांकडे फिरलो. मुलगी कुठे आहे ते कोणी सांगत नाही. आरती बाहेर बाकावर बसली आहे. ती काही खात नाही आणि कोणाशी बोलत नाही. तिला एकटी सोडायची मला भीती वाटते, म्हणून माझा जबाब लवकर घ्यावा अशी मी विनंती केली.

लिहून झाल्यावर हवालदारांनी मला सर्व वाचून दाखवले. त्यात 'मुलगी वडिलांकडे सुखरूप आहे' असे एक वाक्य होते. ते मी सांगितलेले नव्हते, म्हणून खोडायला लावले. बाकी मजकूर माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. मुलगी सुखरूप आहे असे मी पाहिलेले नाही, तिच्या आईनेही पाहिलेले नाही.