टॅगर्टसाहेबांची तसबीर

ठेवा ती शिडी खाली, गिरीशराव. ठेवा म्हणतो ना. — हुकूम आलाय, ठाऊक आहे. तुम्हाला दोह्याच्या ऑफिसातून आला, त्यांना टेक्सासहून आला. कंपनी विकली, नाव बदललं, आता जुन्या मालकाची तसबीर उतरवायची. मी कुठं नाही म्हणतो? निवृत्तीमामा आडवे येतील असं सांगितलं असेल कुणीतरी. नाही येणार मी. पण कुणाला उतरवताय ते ऐका आणि मग चढा.

तुमच्या त्या नव्या पुस्तकात काय छापलंय — चार मित्रांनी मिळून कंपनी काढली? कसले मित्र! एकटा टॅगर्ट. ओहायोचा. बाप लोहार, घोड्यांना नाल मारणारा — हो, आमच्याच जातीचा म्हणा. शेजारच्या विधवेचा हातपंप पाणी धरेना, तर या पोरानं बापाच्या बुटाचं कातडं कापून वायसर केले. बापानं झोडपलं असेल? नाही झोडपलं. दुसरा बूटही दिला — म्हणाला, एका बुटाचं मी काय करू. तिथून निघाले टॅगर्ट पंप. मी हे वाचलेलं नाही, मला वाचता कुठं येतं. मालकानं स्वतः सांगितलं — इथं, मेसईदच्या याच वर्कशॉपात, उलट्या खोक्यावर बसून.

हसताय का? म्हणजे हाराची गोष्ट कानावर आलीय तुमच्या. ऐका मग नीट. खंडेनवमी होती. कंपनी इथं नवी होती तेव्हा. लेथ पुसलं, ड्रिलला हळदकुंकू लावलं, आणि मी या तसबिरीला हार घातला. मालक आहे, यंत्रं त्याची आहेत — घातला. आणि त्याच आठवड्यात मालक दारात उभा. कुणी कळवलं नाही, काही नाही. आत येतो तर समोर स्वतःचाच फोटो, हार घातलेला. मुंबईत राहून आलेला माणूस, आपल्याकडं हार कुणाच्या फोटोला घालतात ते त्याला बरोबर ठाऊक. आमच्या स्टोअरच्या फजलला म्हणाला, "विचार यांना, मी वारलो कधी?" सगळं वर्कशॉप हसलं, फजल तर पोट धरून खाली बसला. मी नाही हसलो. ते त्यानं बघितलं. मग खोकं ओढून माझ्यापुढं बसला — तो बोलतोय, फजल हिंदीत सांगतोय, मी ऐकतोय — बाप, हातपंप, बूट. जाताना हाराच्या चंदनाच्या चकत्या बोटानं सरळ केल्या आणि म्हणाला, राहू दे.

— हो, चंदनाचा. — झेंडूचा घालतात खंडेनवमीला, मला शिकवू नका. झेंडू या वाळूत उगवतो का? — बरं, यंत्रांना कागदी फुलांचे होते, सूक वाकिफच्या बाजारातून आणलेले. मग यालाच चंदनाचा का... तुमचं लक्ष फार, गिरीशराव.

माझा बाप गेला होता. श्रावणात गेला, मला कळलं पितृपंधरवड्यात. पासपोर्ट कंपनीच्या ऑफिसात अडकलेला, आणि जाऊन तरी काय बघणार होतो — राख? जन्मात फोटो काढला नाही त्यानं, म्हणायचा, फोटोनं आयुष्य उतरतं. हार मी मुंबईहून येणाऱ्याकडून मागवला. आणि आल्यावर हातात धरून उभा — घालू कुणाला? तेव्हा वर बघितलं. तुम्हीही बघा. भुवया बघा त्याच्या. भट्टीपुढं वाढलेल्या माणसाच्या भुवया अशाच विरळ राहतात. बापाच्या तशाच होत्या. — हे फजललाही माहीत नाही. तुम्हाला का सांगितलं कोण जाणे.

पुढं मालकानं शेअर विकले, बोर्ड बसवलं, आणि बोर्डानं त्यालाच उठवलं. स्वतःच्या नावाच्या फाटकात वॉचमननं पास मागितला म्हणे. परवा वारला. फजलनं टेलेक्सवर वाचलं. इतकी वर्षं उसना होता तो हार, आज खरा त्याचा झाला, आणि आजच तुम्ही आलात.

काय? — मला? मी नेऊ घरी? — भला माणूस आहात. शुक्रन. पण नको. गावाकडं भिंतीला लावली, की लक्ष्मीबाई विचारणार, हा गोरा कोण. काय सांगू तिला, तुझा सासरा? पोरं हसतील. तिथं तो नुसता अमेरिकन. बाप होता तो या भिंतीवर. दुसरीकडं नाही होत.

चढा आता. यल्ला. मी बाहेर थांबतो — आणि झालं की मला हाक मारू नका.