लाईट आल्याचे फोन

दि. १९ फेब्रुवारी २००८

मी साळुबाई भिका नेहरकर, वय ५८ वर्षे, धंदा शेती, रा. येडगाव, ता. जुन्नर, जि. पुणे. विचारल्यावरून समक्ष सांगते की,

मी वरील ठिकाणी एकटी राहते. ऊस व कांदा आहे. लाईट येण्याचा नेम नसतो. मोटार चालू करायला उसातून जावे लागते. उसात बिबट्या आहे.

रत्नदीप भागुजी साबळे हा विजेच्या डीपीशेजारी दुकानात जळालेल्या मोटारींची तार नव्याने भरून देतो. लाईट आली की तो वस्तीवर सगळ्यांना फोन करतो. ‘आली’ एवढेच म्हणतो व ठेवतो. त्याचे रिचार्ज आम्ही मिळून करतो.

सोमवारी पोलिसांनी त्याला दुकानातून इथे चौकीत आणले. बाँबच्या गुन्ह्यात पाहिजे असलेल्या इसमाला त्याचे फोन आहेत, असे समजले.

साहेबांनी मला कोणाचे कोणाला फोन गेले त्याचे काँप्युटरने काढलेले चित्र दाखवले. मध्ये रत्नदीपचा मोठा गोल, त्यातून सगळीकडे रेघा, रेघांच्या टोकाला लहान गोल; त्यांची नावे साहेबांनी वाचली. साहेब म्हणाले, ‘‘आजी, ही टोळी. मधला म्होरक्या.’’

मी म्हणाले, ‘‘टोळी कशाची, राव? हा आमचा कुंडलिक. ही चिमाबाई. ही मी.’’

‘‘मग सगळ्यांना एकाच वेळी फोन कशाला?’’

‘‘लाईट सगळ्यांना एकाच वेळी येती.’’

साहेब हसले नाहीत. त्यांनी पाहिजे असलेल्या इसमाचा तांबडा गोल दाखवला. तो नंबर माझे दीर गेणभाऊ यांचा होता. त्यांना ऐकू येत नाही, म्हणून दिवाळीआधी त्यांनी मंचरच्या बाजारात फोन कार्डासकट विकला. मी सोबत होते. घेणारा अनोळखी होता. माझ्या पाटाला पाणी दिसले की दीर आपली मोटार चालू करतात, त्यामुळे फोन विकल्याचे कोणाला कळले नाही. रत्नदीप त्याच नंबरवर फोन करीत राहिला.

‘‘दुसरा माणूस बोलतोय हे रत्नदीपला कळलं नाही?’’ असे मी साहेबांना विचारले.

पलीकडून ‘हं’ येत होते, असे रत्नदीपने सांगितल्याचे साहेब म्हणाले. गेणभाऊ फोनवर ‘हं’च्या पुढे कधी बोललेले नाहीत.

फोन विकल्याचे सांगायला गेणभाऊ आज इथे येतो म्हणाले होते. आलेले नाहीत.

रत्नदीपला माझ्यासमोर आणले. मी त्याला ओळखले. त्याचा एक डोळा सुजला आहे. तो म्हणाला, ‘‘मावशी, कांद्याला पाणी भरलं का?’’

मी म्हणाले, ‘‘भरलं रं. लई भरलं.’’

पाणी भरलेले नाही.

हा जबाब मला वाचून दाखवला. मी सांगितला तसाच आहे व खरा आहे.

साळुबाई भिका नेहरकर, डाव्या हाताचा अंगठा