चारशे बारा डब्या आणि एक पत्र्याची

नाव : गल्लीत मला डबीवाले म्हणतात, तेच लिहावे. ओळखपत्र कुठल्या डबीत आहे ते वहीत पाहावे लागेल. वय ६३. धंदा : घड्याळदुरुस्ती, आता निवृत्त. राहणार : दवाखान्यामागे, दुसरा मजला.

समक्ष हजर राहून सांगतो की, मी तीस वर्षे छोट्या नक्षीदार डब्या जमवतो. एकूण ४१२. सुईच्या डब्या आधी हाडाच्या असत, पुढे चांदीच्या आल्या. तपकीर ओढणारे गेले, त्यांच्या डब्या माझ्याकडे आहेत. दात कोरायच्या काडीलाही एके काळी मखमली घर होते. हवालदारसाहेब म्हणाले, "इतिहास राहू द्या, चोरीचं बोला." पण इतिहासाशिवाय चोरी कळणार नाही.

डबी रिकामी ठेवणे हा तिचा अपमान आहे. म्हणून घरातली प्रत्येक वस्तू मी डबीत घालून कपाटात ठेवली आहे. ती हवी असल्यास हातमोजे घालून वहीत नोंद करावी लागते. आमच्याकडे राहणाऱ्या सासूबाई कवळीसाठी दिवसातून दोनदा नोंद करतात.

काल सकाळी साडेनऊला पत्नीने औषधाच्या बाटलीवरचे वाचण्यासाठी चष्मा मागितला. मी म्हणालो, "आधी मोजे घाल." ती म्हणाली, "तीस वर्षं झाली. मला कुठल्या डबीत ठेवलंय, तेवढं बघून सांगा." मी वहीत शोधू लागलो. मान वर केली तेव्हा ती नव्हती. ती थोरल्या बहिणीकडे गेल्याचे सासूबाईंनी सांगितले. सासूबाई मागे राहिल्या, कारण कवळी कपाटात होती.

तपासणी केली असता ४१२ डब्या जागेवर मिळाल्या. केसांच्या पिनांची पत्र्याची डबी मात्र नाही. लग्नाआधी मी ती बिस्किटांच्या डब्याच्या पत्र्यातून कापून, वर दोन फुले रंगवून पत्नीला दिली होती. एक फूल बिघडले आहे. त्या डबीला वहीत क्रमांक नाही. मोजे न घालता उघडता येईल अशी घरात ती एकच होती.

संशय पत्नीवर आहे. हवालदारसाहेब म्हणाले, "अहो, तिची डबी ती घेऊन गेली. चोरी कसली? आणि एवढ्यातनं तेवढीच नेली, हे कळत नाही का तुम्हाला?"

आता कळले. मला फार वाईट वाटत आहे. तक्रार नाही.

जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला, माझ्या सांगण्याप्रमाणे आहे. पुराव्यादाखल आणलेली चष्म्याची डबी, क्रमांक ७१, हवालदारसाहेबांनी पेनांसाठी ठेवून घ्यावी. चष्मा मी तसाच हातात धरून मेहुणीच्या घरी चाललो आहे.