कबरीशेजारची मोकळी जागा

जॉर्जियातल्या त्या छोट्या दवाखान्यात ओडेला गुडघा चोळत बसली होती. शेजारी हॉइटची विधवा लर्लीन आणि तिचा दीर व्हर्लन हळू आवाजात बोलत होते.

"वहिनी, आपल्या पाइनच्या रानात यंदा त्या चिमण्या परत आल्यात. गवतातून उंदरासारख्या पळतात."

"रान जाळलेलं असलं तरच हिवाळ्याला येतात त्या. मे महिन्यात जाळलंत ते बरं केलंत, भावजी."

"मी? मला वाटलं, तूच माणसं लावून जाळलंस."

"हॉइट गेल्यापासून मी काडीसुद्धा ओढली नाही."

"मग रानातल्या कबरीभोवतीची वाळकी पानं कुणी ओढून काढली? जाळण्याआधी दादा आईबापाच्या कबरींभोवती काढायचा, तशीच गोल. आग शिवली नाही तिथं."

"हॉइटच्या कबरीभोवती?"

"हो. आणि शेजारच्या मोकळ्या जागेभोवती पण."

"ती माझी जागा आहे, भावजी."

"माहितीय. म्हणूनच वाटलं, तू सांगितलं असशील."

"जन्मभर कधी वेळेवर घरी आला नाही तुमचा भाऊ. आता कसली घाई झालीय त्याला?"

आतून नर्सने लर्लीनचं नाव पुकारलं. ओडेलाने पाय आवरून तिला वाट करून दिली.

लर्लीन उठली नाही.